झालेल्या पावसाचा माणूस

एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत छपराछपरावर मिरच्या वाळत असतात. वर्षाची चटणी त्याच दिवसांत करायची असते. वर लाल पत्रे आणि खाली शिंकणारी माणसं. अशाच एका दुपारी, ऊन नुसतं भाजत असताना, आण्णा अंगात रेनकोट, पायात गमबूट आणि डोक्यावर उघडी छत्री अशा थाटात गल्लीतून चालत गेले. आभाळात नखाएवढा ढग नव्हता. आण्णा कुणाशी काही बोलले नाहीत. सावकाश कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेले, पानाला चुना जास्त लावून घेतला आणि तसेच सावकाश परत आले.

ते परत येईपर्यंत सगळी गल्ली छपरावर चढली होती. कुणी चादरीत, कुणी लुगड्यात, एकीनं तर नवऱ्याच्या धोतरात मिरच्या गोळा केल्या. ज्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या त्या एका शिडीवरून वरखाली करत होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी वाट पाहिली. पाऊस काही आला नाही.

मग मावशी आण्णांच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. मावशीचा मिरची कुटायचा डंक होता, त्यामुळं तिचा आवाज कायम डंकाच्या वरचा.

"काय ओ आण्णा, कुठं हाय तुमचा पाऊस?"

"मी कधी म्हटलं पाऊस हाय म्हणून?"

"मग ते बूट कशाला घातलं हुतं?"

"नवं हायती. चावत्यात का बघालतो."

त्यावर मावशी जे बोलली ते मी लिहीत नाही. आण्णा मात्र मान डोलावत ऐकत होते, जसं कुणी गाणं म्हणतंय.

आण्णा हवेच्या ऑफिसात, म्हणजे हवामान खात्यात होते. गल्लीच्या शेवटी तारेचं कुंपण घातलेली मोकळी जागा, तिच्यात दोन खोल्यांचं ऑफिस आणि मागं आण्णांचं बिऱ्हाड. त्या ऑफिसात मी झाडलोट करायची, पाणी भरायची, चहा ठेवायची. मला माणसांत बोलायला जमत नसे. आण्णांना ते चालत होतं. ते म्हणायचे, ऑफिसात बोलायला एक माणूस बास आणि ती जागा भरलेली आहे.

आण्णा निपाणीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि पुण्याच्या साहेबांशी फोनवर इंग्रजीसारखं काहीतरी. मला ते तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणत असू.

छत्रीचं कारण नंतर कळलं. गल्लीतली माणसं रेडिओवरचा अंदाज ऐकून हसायची, पण सकाळी आण्णा छत्री घेऊन बाहेर पडले का नाही हे दारातून वाकून बघायची. हे आण्णांच्या लक्षात आलं. तेव्हापासून ते बारा महिने छत्री घेऊन फिरू लागले, आणि भर आषाढात एखाद्या दिवशी मुद्दाम छत्री घरी ठेवून भिजत जायचे. तोंडानं ते कधी खोटं बोलले नाहीत. छत्रीनं बोलायचे.

लग्नाची तारीख काढायला माणसं त्यांच्याकडं यायची. आधी भटजीकडं जायची, मग आण्णांकडं.

"आण्णा, वीस तारखेला पाऊस येईल काय?"

"एकवीसला सांगतो."

"अवो, मांडव घालायचा हाय!"

"हे बघा पावणं, मी झालेल्या पावसाचा माणूस. पडला की मोजायचा आणि कळवायचा. होनारा पाऊस पुण्याला मिळतो."

"मग तुमचा उपयोग काय?"

"म्युन्शिपाल्टीत जन्माची नोंद करणारा क्लार्क हाय की. तो काय पोरं जन्माला घालतो व्हय?"

पाहुणे निघून जायचे आणि आण्णा माझ्याकडं बघून एक भुवई उडवायचे.

ऑफिसच्या आवारात चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी होती. तिला चारी बाजूंनी फटी. आत तापमानाच्या नळ्या. नवीन पोस्टमननं विचारलं, "साहेब, ह्यात कुठला पक्षी ठेवलाय?" आण्णा म्हणाले, "हळू. वाऱ्याचं पिल्लू हाय. आत्ताच डोळा लागलाय." तो पोस्टमन पुढं कितीतरी दिवस चवड्यांवर चालत पत्रं टाकून जायचा. उन्हाळ्यात लोक भांडायला यायचे, तुम्ही तापमान कमी सांगता, आमच्या घरात जास्त आहे. आण्णा म्हणायचे, "तुमच्या घरात चूल हाय, पत्रा हाय, सासू हाय. सरकारी तापमान सावलीतलं असतंय."

तिथंच एका चबुतऱ्यावर भरीव काचेचा गोळा होता. ऊन पडलं की त्याखालच्या पट्टीवर जळकी रेघ उठायची, त्यावरून ऊन किती वेळ होतं ते कळायचं. कागलकडची एक बाई काही कामानं गल्लीत आली होती. तिनं कुंपणातून पाहिलं, की एक म्हातारा माणूस काचेच्या गोळ्यावर वाकून टक लावून बघतोय. तिला वाटलं हे अंजन बघतात. ती सरळ आत आली आणि पदर पसरून म्हणाली, "माझी म्हस हरावलीया, सांगा की कुठं हाय ती."

दुसऱ्या कुणी समजावून सांगितलं असतं. आण्णांनी गोळ्यात पाहिलं, पट्टी काढून पाहिली, डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हस उन्हात न्हाय."

"आता गं बया! मग?"

"पाण्यात हाय. गावाच्या वरल्या अंगाला बघा."

म्हैस खरंच ओढ्याच्या डोहात बसलेली सापडली. उन्हाळ्यात म्हैस दुसरीकडं जाणार तरी कुठं? पण ती बाई खरवस घेऊन आली, आणि पुढचं वर्षभर आण्णांकडं हरवलेल्या शेळ्या, जोडवी आणि एकदा एक जावई विचारायला माणसं येत राहिली. जावयाचं त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, "तो आपन होऊन गेलाय. त्याला गोळा चालत न्हाय."

एकदा पुण्याहून कागद आला. काळ बदलतोय, इथून पुढं नुसतं हवामान सांगून भागणार नाही, ते ऐकून लोक काय करतात तेही बघायला पाहिजे, असा त्याचा मतलब. आण्णांना हा कागद फार आवडला. त्यांनी मला समोर उभं केलं आणि रेडिओतल्या बाईच्या आवाजात वाचलं, "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस पडण्याची शक्यता आहे. हं तंगे, आता तू काय करणार?"

मी खूप विचार केला आणि म्हटलं, "भांडी घासणार."

आण्णांनी तसंच पुण्याला कळवलं. अंदाज ऐकून जनतेने भांडी घासली.

एवढं सगळं असलं तरी वेळेच्या बाबतीत आण्णा दगडासारखे पक्के होते. सकाळी ठरल्या वेळेला आणि संध्याकाळी ठरल्या वेळेला आवारात जायचं, नळ्या वाचायच्या, भांड्यातला पाऊस मापात ओतून बघायचा आणि कळवायचं. ऑफिसात दुसऱ्या माणसाची जागा होती, पण ती कायम रिकामी. त्यामुळं आण्णांना कोल्हापूर सोडून कुठं मुक्कामाला जाता येत नसे. त्यांच्या मुलीच्या लग्नात संध्याकाळच्या वेळेला ते मांडवातून गायब झाले. मुलाकडच्यांना वाटलं, मानपानात काही कमी पडलं, मुलीचा बाप रुसून गेला. वऱ्हाडाची माणसं त्यांना शोधत ऑफिसात आली. आण्णा फेटा बांधून तापमान वाचत होते. व्याह्यांनी त्यांना तिथंच टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन हात जोडले. आण्णांनी टॉवेल-टोपी घेतली, नारळ घेतला आणि "आता राग गेला" असं सांगून मांडवात परत आले. राग कसला होता हे त्यांनी व्याह्यांना कधी सांगितलं नाही.

ती मुलगी वेंगुर्ल्याला दिली होती. जावयाचं किराणा दुकान होतं, घरापासून समुद्र हाकेवर. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं इथं झालं. मग मुलगी नातीला घेऊन गेली ती गेली. नात चालायला लागली, बोलायला लागली, पण अक्कांनी अजून लेकीचं घर पाहिलं नव्हतं. एकट्या जा म्हटलं तर त्या म्हणायच्या, "लेकीच्या दारात पहिल्यांदा जायचं ते जोडीनं. मी काय विधवा हाय?" आणि आण्णा आयुष्यभर पाऊस मोजत आले होते, पण तो पाऊस जिथून येतो तो समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. हे ते हसत सांगायचे. अक्का हसत नसत.

मग यंत्र आलं.

नवं शतक लागून दोन-चार वर्षं झाली होती. एक टेम्पो आला, त्यातून माणसं उतरली आणि आवारात एक खांब उभा केला. खांबावर वाऱ्याच्या फिरत्या वाट्या, उन्हावर चालणारी काळी तक्ती, आणि शेजारी कठड्यावर पावसासाठी पांढरं गोल भांडं. भांड्याच्या तोंडाला नरसाळं आणि आत एक बारीक डोलणारी पळी. थोडं पाणी आलं की ती कलंडायची, आणि जितक्या वेळा कलंडेल तितका पाऊस आपोआप पुण्याला कळायचा. मधी माणूस नाही.

आम्हाला वाटलं आण्णा आता रागावतील. ते यंत्राभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "ही नणंदबाई हाय. घरात मीठ सांडलं की सासूच्या कानावर." तेव्हापासून त्या यंत्राला सगळे नणंदबाई म्हणू लागले.

आलेल्या माणसांनी सांगितलं, यंदाचा पावसाळा हे परीक्षेवर आहे. आण्णांनी हातानं मोजायचं, यंत्रानं आपलं मोजायचं. दोन्ही जुळलं तर यंत्र इथं राहील, आणि मग आण्णा रजेवर गेले तरी काही अडणार नाही. नाही जुळलं तर यंत्र उचलून दुसऱ्या गावाला द्यायचं. तिकडून मागणी होतीच.

त्या दिवसापासून आण्णा बदलले असं म्हणता येणार नाही, पण मी सकाळी झाडायला गेले की ते नणंदबाईंशी बोलताना दिसायचे. फडक्यानं नरसाळं पुसायचे आणि हळूच म्हणायचे, "नीट मोज गं बाई. तुझ्या पाया पडतो." अक्कांनी ट्रंकेतून नवीन पिशवी काढली, तिच्यात नातीची दोन झबली ठेवली आणि पिशवी खुंटीला अडकवून ठेवली. आषाढ चांगला गेला. रोजचा आकडा रोजच्या रोज जुळत होता.

श्रावणात पावसानं ओढ दिली. ऊन असं पडलं की भाताच्या खाचरांना भेगा गेल्या. शेतं गावाकडं, पण भाऊबंद तिकडंच, त्यामुळं गल्लीतल्या सगळ्यांच्याच जिवाला घोर. नळाचं पाणीही एक दिवस आड येऊ लागलं. सोमवारी बायकांनी गल्लीतल्या महादेवाचा गाभारा पाण्यानं भरला, पिंडी बुडेपर्यंत. तरी काही नाही.

तेव्हा मावशीनं डंकावर बसून डोकं चालवलं. "देवाला सांगून झालं," ती म्हणाली, "आता सरकारला सांगूया."

"ते आनि कसं?"

"ते नवं भांडं पुण्याला बोलतंय की. त्यात पानी पडलं की पुण्याला वाटनार, कोल्हापुरात पाऊस सुरू झाला. एकदा सरकारी कागदावर चढला की त्याला पडायलाच लागतंय. कागदावरलं पुसत न्हाय कोन."

हे सगळ्यांना पटलं. आणि त्यात नवीन तरी काय होतं? दरवर्षी खंडेनवमीला आण्णा ऑफिसातल्या वस्तूंची पूजा करायचे. झेंडूच्या माळा, हळदकुंकू. गल्लीतल्या बायका यायच्या आणि पावसाच्या जुन्या भांड्यात चमचाभर पाणी, कुंकू, फूल घालायच्या. त्या गेल्या की आण्णा भांडं धुऊन पालथं घालायचे. "देवाचं देवाला, पावसाचं पावसाला." जुन्या भांड्याचं पोट मोठं होतं. कुणी काय घातलं ते कुणाला सांगत नसे.

पुढच्या सोमवारी दुपारी बायका तांबे घेऊन कुंपणाशी आल्या. मी मागं पाणी भरत होते. आण्णा आत जेवत होते.

मावशी ओरडली, "आण्णा, पानी घालू काय?"

आण्णांचा घास तोंडात होता. त्यांना वाटलं, खंडेनवमीसारखंच, जुन्या भांड्यात चमचाभर. "घाला की," ते आतून म्हणाले.

मावशीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझं सात तांबे! महादेवाच्या नावानं!" मग दुसरीनं पाच म्हटलं. तिसरीनंही पाच. पिठाच्या गिरणीवाल्या चाचींनी "हमारी तरफ से भी पाँच, पाऊस सबका है" म्हटलं. एकदम म्हाताऱ्या आजी होत्या, त्याही तीन बोलल्या. हर हर महादेव झालं आणि नरसाळ्यावर गर्दी झाली. कोण किती ओततंय हे गर्दीत कुणाला दिसत नव्हतं.

बायका अजून आवारातच होत्या तेवढ्यात आत फोन वाजला. पुण्याचा. आण्णांनी उष्ट्या हातानं उचलला.

फोनवरचे साहेब इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला मागच्या दारात ऐकू आलं. "अहो, तिकडे अतिवृष्टी सुरू आहे का?"

आण्णांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. रखरखीत ऊन. नरसाळ्याभोवती बायका, आणि नणंदबाईंच्या गळ्यात हार.

"हाय साहेब," आण्णा म्हणाले, "पर बायकांची हाय."

चार दिवसांनी पुण्याहून एक मॅडम आल्या. वयानं लहान, पायात बूट, पाठीला पिशवी, पिशवीत कॉम्प्युटर. फार गोड बोलायच्या. आण्णांनी त्यांना सगळं खरं सांगितलं, घासासकट. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "हरकत नाही काका. उलट बरं झालं. कुणी किती ओतलं ते कळलं, तर यंत्रानं बरोबर मोजलं का ते पडताळता येईल. त्यांना बोलावता का?"

बायका आल्या. पोलिसात देतात काय म्हणून घाबरत आल्या, पण मॅडमनी खुर्च्या द्यायला सांगितल्यावर त्यांना धीर आला. मॅडमनी मावशीचाच तांब्या घेतला, त्यात किती पाणी मावतं ते काचेच्या मापानं पाहिलं. मग मावशीला म्हणाल्या, "त्या दिवशी ओतला तसाच एक तांब्या ओता." मावशीनं ओतला. कॉम्प्युटरवर आकडा आला, अगदी बरोबर. आण्णांनी नणंदबाईंकडं कौतुकानं पाहिलं.

"आता त्या दिवशी कुणी किती ओतले?"

"सात," मावशी म्हणाली. पाच, पाच, पाच, तीन. सगळ्यांनी बोललेले आकडे छातीठोक सांगितले. मॅडमनी बेरीज केली आणि त्यांचं हसू कमी झालं. यंत्रानं निम्मंही मोजलं नव्हतं.

"नक्की सात?"

"देवाचं तांबे खोटं सांगू व्हय?"

मॅडमनी पुन्हा यंत्र उघडलं, पुन्हा पाहिलं, मिटलं. मग आण्णांना बाजूला घेऊन म्हणाल्या, पण आवार लहान, सगळ्यांना ऐकू गेलं, "काका, यंत्र कायम चुकत असतं तर दुरुस्त करता आलं असतं. हे आज बरोबर मोजतंय आणि त्या दिवशी निम्मं. मनात आलं तर मोजणार, असं यंत्र आम्ही ठेवू शकत नाही. मला हे काढून न्यावं लागेल. तुमचं मोजणं आहे तसं चालू ठेवा."

आण्णांनी "बरं" म्हटलं. एवढा छोटा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, आत गेल्या आणि खुंटीवरची पिशवी काढून ट्रंकेत ठेवली. ट्रंकेच्या झाकणाचा आवाज बाहेर आला.

मी मावशीकडं पाहिलं. अक्कांनी लेकीसाठी न्यायची चटणी मावशीच्याच डंकावर कुटून घेतली होती, आणि मावशीनं त्यात पदरचा लसूण घातला होता. पण मावशीची अडचण मला कळत होती. पाऊस अजून आला नव्हता. सात बोलून कमी ओतले असं तिनं सांगितलं, तर सगळी गल्ली म्हणणार, हिच्यामुळंच आला नाही. गावाकडची भाताची भेग आणि तिचा तांब्या लोक जन्मभर एकत्र बोलणार.

मावशी खुर्चीवरून उठली. परत बसली. परत उठली.

"दोन," ती म्हणाली.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"दोनच वतलं! आन् दुसरा बी भरलेला नव्हता! काय करू? नळाला पानी कुठं हाय? पाऊस न्हाय म्हणून देवाला पानी घालायचं, आन् घालायला पानी पाऊस पडल्याबिगर येनार कुठनं? लिवा, दोन लिवा! आन् ह्या बयेला आमच्या आक्काच्या दारातनं हलवायचं न्हाय!" मग ती नणंदबाईंकडं वळली आणि बोट दाखवून म्हणाली, "मुडदे, महादेवानं कधी इतका हिशोब इचारला न्हाय गं मला!"

मग चाची हळूच म्हणाल्या, "मेरे भी तीनच थे. हंडे में उतनाच था." पाचवाल्या एकीनं दोन सांगितले, दुसरीनं तीन. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी कुठलं वततीया? माझा हात तिथवर पोचत न्हाय. मी नुसता नमस्कार केला."

मॅडम लिहीत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. बेरीज झाली. जवळजवळ जुळली. मावशीचा दुसरा तांब्या अर्धाच धरला, तरी यंत्रात अर्धा तांब्या कमी भरत होता. आण्णांच्या तोंडावर त्यांचं जुनं तोंड परत आलं. ते खुर्च्यांसमोरून फिरत म्हणाले, "आजून अर्धा तांब्या कोनतरी लपवालंय. यंत्र खोटं बोलत न्हाय. बोला, कोन ते?" बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तो अर्धा तांब्या कुणाचा हे आजपर्यंत कळलेलं नाही. गल्लीत अजून त्यावरून भांडणं होतात.

जाताना मॅडमनी सांगितलं, यंत्र राहील, आणि आण्णांनी खुशाल रजा काढावी. कुंपणाला मात्र कुलूप लावायचं. आत अक्कांनी ट्रंक पुन्हा उघडली.

त्याच आठवड्यात दोघं वेंगुर्ल्याच्या एसटीत बसली. आण्णा रेनकोट घालून निघाले. मावशीनं विचारलं, "आज काय म्हनायचंय तुमच्या रेनकोटाला?" आण्णा म्हणाले, "ह्या वेळेला खरंच थंडी वाजालीया." गाडी सुटेपर्यंत अक्का खिडकीतून सगळ्यांना सूचना देत होत्या, आणि आण्णा मला एकच सांगत होते, काही करू नको, नुसतं झाड.

ते गेल्यावर ऑफिसात फार शांतता झाली. दोन दिवस मी झाडलं, चहा केला आणि एकटीच प्यायले. तिसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि दहाच्या सुमाराला जो सुरू झाला तो थांबेना. पत्र्यावर कानठळ्या. आवारात गुडघाभर डबकं. कुंपणाच्या बाहेर बायका डोक्यावर पोती घेऊन उभ्या होत्या, आणि मावशी सगळ्यांना सांगत होती, दोनच तांब्यांत आला, उगाच सात वतलं असतं तर पूर आला असता.

दुपारी फोन वाजला. फोन मी कधी उचलत नसे. वाजला की आण्णांना हाक मारायची, नाहीतर वाजू द्यायचा. तो वाजत राहिला. बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला. शेवटी मी हात पदराला पुसून उचलला.

"कोण? तंगे? मी आण्णा! अगं, जावयाच्या दुकानात रेडिओवर सांगितलं, कोल्हापुरात जोरदार पाऊस. खरं हाय का?"

जन्मात पहिल्यांदा कोल्हापूरचा पाऊस त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळत होता. त्यांच्यामागं नातीचा आवाज येत होता आणि कसलीतरी मोठी घरघर, समुद्राची असावी.

"तंगे, खरं सांग. पडालाय का मावशी कुलूप तोडून आत घुसलीया?"

मी खिडकी उघडली, वायर पुरेल तेवढी ओढली आणि रिसीव्हर बाहेर पत्र्याच्या वळचणीखाली धरला. हात खांद्यापर्यंत भिजला. बराच वेळ धरला. मग कानाला लावला. आण्णा बोलत होते, पण माझ्याशी नाही.

"अगं ए, हिकडं ये," ते अक्कांना म्हणाले. "दोन तांब्यांच्या वर हाय. घे, तू बी ऐक."

मी रिसीव्हर परत बाहेर धरला.